पिस्तूल सापडले, तरी प्रश्न उरतोच

आपण लिहिले आहे की, जबरी चोरीच्या खटल्यात पोलिसांनी गाडी अडवण्यालाच आव्हान देणे, म्हणजे ती कृती बेकायदा ठरवून मिळालेला पुरावा बाद करायला लावणे, ही वकिलांनी शोधलेली पळवाट आहे. गाडीत हत्यार सापडले म्हणजे संशय खरा होता, मग वाद कशाचा? या युक्तिवादात क्रम उलटा झाला आहे. अमेरिकेच्या घटनेतील चौथ्या दुरुस्तीखाली, म्हणजे अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीखाली, न्यायालय तपासते ते गाडी अडवताना पोलिसांना काय ठाऊक होते हे; झडतीत पुढे जे मिळाले त्याने आधीची कृती कायदेशीर ठरत नाही.

चेंबर्स विरुद्ध मरोनी हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा 1970 चा निकाल पाहावा. 1963 साली पेनसिल्व्हेनियातील नॉर्थ ब्रॅडॉक येथे एक पेट्रोल पंप लुटला गेला. निळी स्टेशन वॅगन आसपास घिरट्या घालून नंतर भरधाव निघून गेल्याचे दोन मुलांनी पाहिले होते; आत चौघे होते आणि एकाच्या अंगात हिरवा स्वेटर होता. पंपावरील कर्मचाऱ्यानेही हिरवा स्वेटर आणि ट्रेंच कोट यांचे वर्णन दिले. तासाभरात, सुमारे दोन मैलांवर, त्या वर्णनाची गाडी अडवली गेली. डॅशबोर्डखाली दोन रिव्हॉल्व्हर मिळाली खरी, पण आरोपीचे आव्हान फेटाळले गेले ते आधीच हाती असलेल्या या माहितीमुळे. झडती मात्र पोलीस ठाण्यात, वॉरंटविना झाली होती. गाडी ताब्यात ठेवून वॉरंट आणता आले असते, हे न्यायमूर्ती हार्लन यांचे भिन्नमत मला अधिक पटते.

पळवाट म्हणावी इतकी ही वाट रुंदही नाही. राकास विरुद्ध इलिनॉय (1978) या खटल्यात कपड्यांच्या दुकानातील लुटीनंतर अडवलेल्या गाडीत सीटखाली आखूड केलेली रायफल सापडली, तेव्हा गाडी किंवा रायफल यांपैकी कशावरही मालकी न सांगणाऱ्या प्रवाशांना झडतीविरुद्ध तक्रार करता येणार नाही, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. गाडी अडवण्याला मात्र प्रवासीही आव्हान देऊ शकतो, हे 2007 च्या ब्रेंडलिन निकालाने स्पष्ट केले. म्हणूनच जाणता वकील अडवणूक आणि झडती हे दोन मुद्दे वेगळे मांडतो.

आपली धास्ती भारताबाबत असेल, तर येथे स्थिती आणखी वेगळी आहे. पूरनमल प्रकरणात (1974) सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, झडती बेकायदा होती एवढ्याच कारणाने तिच्यातून मिळालेला पुरावा बाद होत नाही. त्यामुळे नाकाबंदीत पकडलेल्या गाडीच्या खटल्यात आपल्याकडील बचावाचा भर बहुधा पंचनाम्यातील विसंगतींवर आणि पंचांच्या उलटतपासणीवर असतो.