घडीची होडी

घरात होडी ठेवायला जागा नव्हती, पण पिशवी ठेवायला होती. एवढ्या एका हिशेबावर मी घडीची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, विकत घेतली. माहितीपत्रकात जोडणीला अर्धा तास पुरतो असे छापले होते. तो कुणाचा अर्धा तास, हे मात्र छापायचे राहिले असावे.

तळ्याकाठी पिशवी उपडी केली तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, बरगड्या आणि एक लांबलचक खोळ बाहेर पडली. पुढचा आणि मागचा असे दोन अर्धे सांगाडे दोन्ही टोकांकडून खोळीत सरकवायचे, मग मधला सांधा खाली दाबून कणा सरळ करायचा आणि सगळ्यात शेवटी दोन्ही कडांच्या नळ्यांत हवा भरून खोळ ताणायची, अशी ही रीत आहे. १९०७ मध्ये या होडीचे हक्क योहान क्लेपर नावाच्या जर्मन शिंप्याने घेतले होते, हे वाचल्यापासून खोळ इतकी अंगाबरोबर का बेतलेली असते, याचा मला उलगडा झाला आहे. माझा सांधा मात्र वीतभर वर उचललेलाच राहिला. मी त्यावर हात टेकून पाहिले, गुडघा टेकून पाहिला, शेवटी बसूनही पाहिले. उशीला अभ्रा घालावा तसे हे काम असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात ते वाढत्या वयाच्या मुलाला गेल्या वर्षीचा गणवेश घालण्यासारखे निघाले.

"अहो, हवा शेवटी भरायची होती ना?" पत्रक वाचत बसलेल्या पत्नीने विचारले.

उत्साहाच्या भरात हवा मी आधीच भरून ठेवली होती. ती सोडली, एक बरगडी उलटी बसली होती ती फिरवली, आणि सांधा असा खटकन बसला की माझी दोन बोटे थोडक्यात वाचली.

पाण्यात उतरल्यावर होडी सारखी डावीकडे वळू लागली. दोष वल्ह्याचा नव्हता; कणा खोळीच्या मध्यरेषेवर न बसता बोटभर सरकला होता. १९५६ मध्ये हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरांनी अशाच होडीतून ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला होता. मी पाऊण तासात तीन गोल चकरा मारल्या आणि जिथून निघालो तिथेच पोहोचलो.

खरी कसोटी पुढेच, होडी सुटी करताना होती. जोडताना नळ्यांची तोंडे पुसून घ्यायची असतात. ती मी पुसली नव्हती, त्यामुळे मधल्या सांध्यात वाळू अडकून बसली. तो सुटल्याशिवाय खोळ निघत नाही. हवा सोडली, पाणी ओतले, नळी पिळून पाहिली, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला पत्नी अशी रस्सीखेचही झाली. अंधार पडल्यावर आम्ही ती पाच मीटरची होडी अखंडच गाडीच्या टपाला बांधली. मागच्या सीटवर तिची रिकामी पिशवी व्यवस्थित घडी घालून ठेवली होती.