‘दहाचा पाना’ यांस: बोनेटच्या शॉकरबद्दल थोडं सविस्तर

प्रिय ‘दहाचा पाना’,

खरं नाव लिहायची तसदी आपण घेतली नाही, म्हणून याच नावाने हाक मारतो. राग नसावा.

दांडीवर टेकणाऱ्या बोनेटला बाजारातले गॅसचे शॉकर, म्हणजे बोनेट वर उचलून धरणाऱ्या गॅस भरलेल्या नळ्या, कसे बसवले आणि त्यासाठी बोनेटखालच्या कोणत्या गोष्टी कापाव्या, सरकवाव्या लागल्या, हे मी गेल्या लेखात फोटोसकट लिहिलं होतं. त्यावर आपली प्रतिक्रिया आली. बाकीच्यांनी ती वाचली नसेल, म्हणून जशीच्या तशी देतो, एकही उद्गारचिन्ह न गाळता:

“चांगल्या गाडीची वाट लावली!!! कंपनीने दांडी दिली ती काय वेडी म्हणून? फ्यूज बॉक्सचा एक कान कापला, आता तो एका बोल्टवर लटकणार आणि शॉकरची नळी बाजूच्या वायरिंगला घासणार. मडगार्डच्या पातळ पत्र्यावर सगळा भार दिला. बॅटरी न काढताच ग्राइंडर चालवला का? नागपूरच्या उन्हात गॅस फुगून बोनेट वर उचललं जाईल, नाहीतर शॉकर फुटेल, तेव्हा कळेल. आरटीओ आणि इन्शुरन्सवाले बघून घेतीलच. अर्धवट ज्ञान पसरवू नका!!!”

आता आधी भाषेचं बोलू. काहून राजेहो, एवढा संताप कशाचा? गाडी माझी, बोनेट माझं, खर्च माझ्या खिशातून. “इथे मला शंका आहे” असं लिहिलं असतं तर मी दोन ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण आपण थेट “अर्धवट ज्ञान” वर उतरलात. लोक असं बोलतात तेव्हा समोरच्याचा चेहरा बघून बोलतात. इथे चेहरा दिसत नाही म्हणून जीभ सैल सोडायची, हे काही बरं नाही.

आणि विषय ज्ञानावर नेलाच आहे तर सांगतो. माझ्या वडिलांचं वाडीला गॅरेज होतं, ट्रकचं काम चालायचं. दहाव्या-बाराव्या वर्षी पोरं कंचे खेळतात, तेव्हा मी डिझेलच्या ताटलीत नट-बोल्ट धूत बसायचो. पुढे आयटीआयला फिटर ट्रेड केला. तिथे सुरुवातीला काय करायला लावतात माहीत आहे? लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासत बसायचं. मग त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावायचा आणि खिडकीकडे धरून बघायचं. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की मास्तर तोंडातून शब्द न काढता तुकडा परत हातात द्यायचे. बोटांची सालं निघायची. त्यानंतर हिंगणा एमआयडीसीत टूल रूमला नोकरी केली. म्हणजे धातू कापण्याबद्दल मला कुणी शिकवू नये असं मी म्हणत नाही, पण शिकवणाऱ्याने आधी लेख पूर्ण वाचावा एवढी अपेक्षा ठेवतो.

कारण लेखात स्पष्ट लिहिलं आहे की फ्यूज बॉक्सचा कान, म्हणजे बोल्ट बसतो तो प्लास्टिकचा भाग, मी हॅक्सॉच्या ब्लेडने कापला, ग्राइंडरने नाही. प्लास्टिकला ग्राइंडर लावला तर ते कापलं जात नाही, वितळून लोंबतं. ग्राइंडर लावला तो किटबरोबर आलेल्या लोखंडी पट्टीला, तोही गाडीपासून लांब, व्हाइसवर. पट्टीचं भोक मडगार्डच्या बोल्टशी जुळत नव्हतं, ते गोल कानशीने लांबट केलं. बोल्ट सैल करण्याआधी त्याच्या डोक्याभोवती मार्करने रेघ मारून घेतली होती, कारण त्याच बोल्टवर मडगार्ड आणि बोनेटमधली फट ठरते. रेघ न मारता सैल केला की डेंटरकडे चकरा सुरू. हेही लेखात आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढून ठेवलं होतं, ते लिहायचं राहून गेलं. फ्यूज बॉक्सला हात लावण्याआधी ते काढायलाच हवं. ती ओळ आता लेखात घातली आहे. झालं समाधान?

आता तुमच्या मुख्य वाक्याकडे येतो. नागपूरच्या उन्हात गॅस फुगेल, बोनेट उचललं जाईल, शॉकर फुटेल. हे वाचून दोन जणांनी मला खासगीत विचारलं की शॉकर काढून टाकू का, म्हणून सविस्तर लिहितो.

या शॉकरमध्ये नायट्रोजन भरलेला असतो. नायट्रोजन जळत नाही, पेट घेत नाही. सोबत थोडं तेल असतं, सील ओलं राहावं आणि बोनेट पूर्ण उघडताना शेवटी धक्का बसू नये म्हणून. त्यासाठीच बोनेट उघडं असताना रॉड खाली आणि नळी वर असावी लागते, म्हणजे तेल सीलपाशी उतरतं. बाजारात बसवून मिळणारे निम्मे शॉकर उलटे लावलेले मी पाहिले आहेत आणि ते लवकर ‘बसतात’, म्हणजे त्यांचा जोर जातो. त्यावर कुणी रागाने प्रतिक्रिया लिहीत नाही, ते एक असो.

तापमानाचं गणित शाळेतलं आहे. बंद नळीतला गॅसचा दाब सेल्सिअसच्या नाही, केल्विनच्या (सेल्सिअस अधिक 273) प्रमाणात वाढतो. शॉकरवर जो न्यूटनचा, म्हणजे जोराचा, आकडा छापतात तो 20 अंशांचा असतो, म्हणजे 293 केल्विन. नागपूरचं 45 अंश म्हणजे 318. म्हणजे 20 चे 45 झाले तरी दाब दुप्पट होत नाही, जोर साडेआठ टक्क्यांनी वाढतो. माझा शॉकर 150 न्यूटनचा आहे, तो 163 चा झाला. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश झालं होतं, त्या दिवसाचा हिशोब केला तरी 164 च्या आसपास. (मे 2024 मधला 56 चा आकडा काढू नका, तो सेन्सरचा बिघाड होता हे हवामान खात्यानेच सांगितलं होतं.) बोनेटखाली तर याहून गरम असतं म्हणाल. बरोबर. 80 अंश धरा, तरी 181 न्यूटन. हे शॉकर साधारण उणे 30 ते 80 अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. 80 च्या वर सतत राहिले तर सील लवकर जातं आणि गॅस हळूहळू निघून जातो. म्हणूनच ते मडगार्डच्या कडेला लावायचे, एक्झॉस्टच्या बाजूला नाही. फुटतात ते आगीत टाकले किंवा ड्रिलने भोक पाडलं तर, आणि तसं करू नका हे नळीवरच छापलेलं असतं.

आता बोनेट उचललं जाण्याबद्दल. लेख वाचला असता तर वजन कसं मोजलं हे कळलं असतं. बॅग तोलायचा जो हुकाचा काटा मिळतो, तो बोनेटच्या कुलपाच्या कडीत अडकवला आणि बोनेट आडवं ठेवून वर ओढलं. काटा 7.5 किलोवर थांबला. बिजागरीपासून कडीचं अंतर 95 सेंटिमीटर. म्हणजे बंद होताना बोनेट स्वतःच्या वजनाने साधारण 70 न्यूटन-मीटरने (जोर गुणिले बिजागरीपासूनचं अंतर) खाली दाबतं. बंद बोनेटमध्ये शॉकर जवळजवळ आडवा पडलेला असतो, त्याची रेघ बिजागरीपासून जेमतेम 3 सेंटिमीटरवरून जाते. रॉड आत गेल्याने गॅसला जागा कमी उरते, त्यामुळे जोर पाव ते एक तृतीयांश वाढतो. हे सगळं धरून, 80 अंशांना, दोन्ही शॉकर मिळून 15 न्यूटन-मीटरसुद्धा भरत नाही. एका बाजूला 70, दुसऱ्या बाजूला 15. वर उचलणार कोण? आणि कुलूप आहेच की.

उलट नागपुरात चिंता करायचीच असेल तर हिवाळ्याची करा. जानेवारीच्या पहाटे पारा 10 च्या खाली जातो, तेव्हा 150 चा शॉकर 145 चा होतो. किटवाल्याने काठावरचा शॉकर दिला असेल, किंवा तो दोन-तीन वर्षांत थोडा बसला असेल, तर अशा सकाळी बोनेट वर न थांबता हळूहळू खाली येतं, आणि ते कळतं डोकं आत असताना. माझं बोनेट उघडं असताना त्याला 45 न्यूटन-मीटर लागतात, थंडीतही दोन शॉकर मिळून 58 देतात. म्हणून 150 चे घेतले, 120 चे नाही. ही खरी शंका होती. ती आपल्याला सुचली नाही, कारण “नागपूर म्हणजे ऊन” एवढंच आपल्याला ठाऊक. तुम्ही राहता तिथे हिवाळा नसतो का हो?

“कंपनीने दांडी दिली ती काय वेडी म्हणून?” कंपनी वेडी नाही, हिशोबी आहे. एक दांडी आणि एक प्लास्टिकची क्लिप यांचा खर्च आणि दोन शॉकरचा खर्च यात फरक आहे, आणि लाखो गाड्यांवर तो मोठा होतो. वैशाख-ज्येष्ठात दुपारी आपल्याकडे धुळीची वावटळ उठते, तेव्हा एका दांडीवर उभं असलेलं बोनेट कसं थरथरतं हे ज्याने खाली वाकून रेडिएटर पाहिला आहे त्याला विचारा. गॅरेजमध्ये आमच्या एका पोराच्या मनगटावर असंच पडलं होतं. दांडी भोकात नीट बसली नव्हती, वारा आला, संपलं. त्याला प्लास्टरमध्ये बघून वडिलांनी दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये लाकडी टेकू आणून ठेवले होते. तुम्हाला हे “नखरे” वाटत असतील तर वाटोत. (हा शब्द तुम्ही वापरला नाही, पण सूर तोच होता.)

आरटीओचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 काढून वाचा. गाडीत असा बदल करायचा नाही की नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. तुमच्या आरसीवर बोनेटच्या दांडीची नोंद असेल तर फोटो पाठवा, मी छापून लावतो. इन्शुरन्स माझा मी बघतो, वॉरंटी केव्हाच संपली.

मडगार्डचा पातळ पत्रा: पट्टी पत्र्यावर नाही, मडगार्ड ज्या आतल्या फ्रेमला बोल्टने बसतं त्या जागी आहे. पुढे.

फ्यूज बॉक्स एका बोल्टवर: हलत नाही. मी हाताने हलवून पाहिला. चिखलदऱ्याचा घाट चढून उतरून आलो, तेव्हाही जागेवर होता.

वायरिंग घासणं: नळी आणि वायरिंगमध्ये बोट जातं. करंगळी, पण जातं. विषय संपला.

आता राहिलं “चांगल्या गाडीची वाट लावली”. भाऊ, ती गाडी मी घेतली तेव्हा तिच्या बोनेटला दोन रंग होते आणि ड्रायव्हरकडचा दरवाजा खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नव्हता. आता बोनेट दोन बोटांनी उघडतं. वाट कुणी लावली, कुणी काढली, हे गाडी बघितल्यावर बोलू. प्रतापनगरला असतो, रविवारी सकाळी घरीच असतो, या, चहा पिऊ. येताना आपला पाना घेऊन या, माझा दहाचा पुन्हा सापडत नाहीये.

एका वाचकाने कापलेल्या कानाचा जवळून काढलेला फोटो मागितला आहे. टाकतो, वेळ मिळाला की. ज्यांना फक्त मापं हवी आहेत, म्हणजे बॉल जॉइंटच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत लांबी, उघड्या आणि बंद बोनेटची, त्यांनी आपल्या गाडीचं मॉडेल सांगून विचारावं. माझी मापं दुसऱ्या मॉडेलला लागणार नाहीत.

आणि ‘दहाचा पाना’, तुमची पुढची प्रतिक्रिया लगेच दिसली नाही तर गैरसमज नको. एका वाक्यात दोनपेक्षा जास्त उद्गारचिन्हं असली की ती आपोआप अडकते. सेटिंग जुनी आहे, तुमच्यासाठी लावलेली नाही.