ड्रेन बोल्टवर कसला राग काढता?

दर वेळी तेच. गाडी सर्व्हिसिंगहून आली, पुढचं ऑइल घरीच बदलू म्हणून पाना लावला, की ड्रेन बोल्ट (इंजिनाच्या तळाचा, जुनं ऑइल काढायचा) ढिम्म हलत नाही. पान्याला पाइप घालून अक्षरशः लोंबकळलो, तेव्हा कुठे 'कट्' झालं आणि बोल्टासोबत आट्यांचा चंदेरी चुरा हातात आला.

अहो मेकॅनिकसाहेब, बोल्ट स्टीलचा, इंजिनाचं केसिंग ॲल्युमिनियमचं! जोर लावला की मरणार कोण? ऑइल तुमच्या मनगटामुळे अडत नाही, बोल्टाखालचं वॉशर चेपून बसतं म्हणून अडतं. ते नवीन टाकायचं सोडून जुन्यावरच पाना पिळायचा, गळायला लागलं की आणखी पिळायचा! बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) पुरतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. पण मॅन्युअल उघडणं म्हणजे कमीपणा. (माझंही वर्षभर सीटखाली प्लॅस्टिकमध्येच होतं, ते सोडा.) आधी बोल्ट नुसत्या बोटांनी बसवा, पाना नंतर, हे सांगून सांगून जीभ झिजली.

आता रविवारभर हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे बसवणं. कीस इंजिनात पडू नये म्हणून टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस फासत बसलोय.