पहिल्या आयबीएम पीसीत डिझाइन नव्हतं? जरा बोर्ड उघडून बघा

"१९८१ चा आयबीएम पीसी म्हणजे बाजारातले पार्ट आणून घाईत जोडलेला डबा, त्यात डिझाइन असं नव्हतंच." हे वाक्य इतक्या जणांनी शेअर केलंय की लोक ते खरंच मानायला लागलेत. मला ते अजिबात पटत नाही.

पार्ट बाहेरचे होते, मान्य. फ्लोरिडातल्या बोका रेटनच्या आयबीएम टीमला जेमतेम वर्ष मिळालं होतं. पण जोडलेत कसे ते बघा ना! मदरबोर्डवर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारा पार्ट, त्याला ३ ने भागलं की ४.७७, ते प्रोसेसरचं क्लॉक म्हणजे त्याचा वेग, ४ ने भागलं की ३.५८, ते अमेरिकन कलर टीव्हीच्या सिग्नलला लागतं, आणि १२ ने भागलं की १.१९, ते वेळ मोजणाऱ्या टायमर चिपला. प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे थोडासा स्पीड सोडून तिन्ही कामं एकात बसवली.

रॅमचं तर अजून भारी. डायनॅमिक रॅम सतत रिफ्रेश केली नाही तर डेटा जातो, त्यासाठी वेगळं सर्किट लावण्याऐवजी त्याच टायमरचं एक चॅनेल दर १५ मायक्रोसेकंदांनी डीएमए चिपला (प्रोसेसरला न गुंतवता मेमरी हाताळणारी चिप) हाक मारतं, ती मेमरी नुसती वाचते आणि वाचल्यानेच रिफ्रेश होतं. घाईत जोडलेल्या डब्यात हे सुचतं का कुणाला?

"इंटेलचा ८०८६ प्रोसेसर सोडून कमकुवत ८०८८ घेतला" असंही म्हणतात. आतून दोन्ही १६ बिटच, पण ८०८८ ची बाहेरची बस, म्हणजे इतर चिप्सशी डेटाची ने-आण करणारी वाट, ८ बिटची, त्यामुळे आधीच मिळत असलेल्या स्वस्त ८ बिट चिप्स थेट चालल्या. शिवाय आयबीएमच्या आधीच्या डेटामास्टर मशीनमध्ये ८०८५ हा ८ बिट प्रोसेसर वापरलेला, त्या अनुभवातूनच जादा कार्डं बसवायच्या स्लॉटची बस आली.

प्रोग्रामना ६४० केबीच मेमरी मिळायची, त्या मर्यादेचं खापर मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्सवर फोडू नका. प्रोसेसरला मेमरीतली जागा सांगणाऱ्या २० अ‍ॅड्रेस लाइन, म्हणजे १ एमबी (१०२४ केबी), त्यातला वरचा ३८४ केबी आयबीएमने डिस्प्ले आणि रॉमसाठी (न पुसली जाणारी मेमरी) राखला, उरले ६४०. पहिल्या बोर्डवर तर ६४ केबीच बसायची, तीही पॅरिटीसकट, म्हणजे दर बाइटला चूक पकडणारा नववा बिट, कारण ऑफिसच्या हिशेबात एक बिट उलटलेला कळायलाच हवा.

आणि "आयबीएमने सगळं डिझाइन फुकट वाटून टाकलं" हेही चूक. टेक्निकल रेफरन्स या आयबीएमच्या पुस्तकात सर्किट आणि बायोसचं (मशीन सुरू करणारा, रॉममधला प्रोग्राम) लिस्टिंग छापलं होतं, पण बायोसवर कॉपीराइट होता, म्हणून तर तसाच पीसी बनवणाऱ्या कॉम्पॅक कंपनीला तो कोड न बघितलेल्या माणसांकडून बायोस पहिल्यापासून लिहून घ्यावा लागला.