डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा? नाही हो मामा

मामांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत टाकलाय, तिसऱ्यांदा. डोळा म्हणजे देवानं दिलेला ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्याला सेकंदाला २४च चित्रं दिसतात म्हणून सिनेमा २४ फ्रेमचा, ५० एमएम लेन्स म्हणजे हुबेहूब आपली नजर, आणि वर म्हणे डोळ्याला दिसतं तेच फिल्मवर उमटतं. मी पंचवटीत रोलच्या जमान्यात लग्नाचे फोटो काढलेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

५७६ हा आकडा हवेतून नाही आलेला, हिशोब केलाय कोणीतरी. १२० अंश रुंद, १२० अंश उंच चौकट धरायची, एका अंशाचे ६० भाग, आणि त्या भागाच्या ०.३ अंतरावर एकेक ठिपका, म्हणजे २४,००० गुणिले २४,०००, ५७ कोटी ६० लाख ठिपके, तेच ५७६ मेगापिक्सेल. गुणाकार बरोबर आहे पण एवढं बारीक आपल्याला फक्त मधोमध दिसतं, हात लांब करून अंगठ्याचं नख धरलं तर साधारण तेवढ्याच जागेत. रविवार कारंजावर उभं राहून एका पाटीच्या एका अक्षरावर नजर रोखा आणि नजर न हलवता शेजारच्या दुकानाची पाटी वाचून दाखवा. नाही जमत. काहीतरी लिहिलंय एवढं कळतं, बास. तरी अख्खा चौक लख्ख दिसतोय असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला दोन-तीनदा उडी मारून तुकडे गोळा करतो आणि मेंदू ते शिवत बसतो. उडीच्या मधलं पुसट चित्र तर तो दाखवतच नाही, आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा, डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत, शेजारच्याला दिसतील. फिल्मचं असं नाही. फोकसमध्ये असली तर कोपऱ्यातली चप्पलही नवरीच्या नथीइतकीच नीट उमटते, म्हणून तर रोल धुऊन आला की कळायचं मागे कोणीतरी जांभई देतंय.

आता २४ फ्रेम. मुक्या सिनेमाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचे, आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांचाही तसाच, वेग कमीजास्त व्हायचाच. १९२० च्या दशकाच्या शेवटी आवाज आला, तो रिळाच्या कडेलाच छापायचा तर वेग पक्का हवा, २४ वर आवाज बरा येतो आणि रीळही फार खर्ची पडत नाही, म्हणून २४. डोळ्याचा संबंध एवढाच की सेकंदाला २४ वेळाच उजेड पडला असता तर पडदा लुकलुकून डोकं उठलं असतं, म्हणून प्रोजेक्टरचं शटर एकच फ्रेम दोनदा किंवा तीनदा दाखवायचं, ४८ किंवा ७२ झपके. आणि फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याचं रोप थोडं थोडं करून फिल्मवर घेतलं आणि पडद्यावर ते सरसर वाढताना दाखवलं! रोप घरातच होतं की, पण वाढताना घरात कोणाला दिसलं असेल?

५० एमएमचं पटकन सांगतो. ३५ एमएम रोलच्या कॅमेऱ्यावर ती लेन्स आडवं साधारण ४० अंश घेते, आपले दोन डोळे मिळून १८० च्या आसपास. जवळ-लांबचं प्रमाण नैसर्गिक वाटतं, म्हणून लोकांना आवडते, मलाही आवडते.

आणि शेवटचं, डोळ्याला दिसतं तेच फिल्मवर. इथे माझीच फजिती झालीये. मांडवात सगळे पिवळे बल्ब, माझ्याकडे दिवसाच्या उजेडात रंग नीट येतील असा रोल, फ्लॅश ऐनवेळी मेला. मला तिथे नवरदेवाचा फेटा पांढराच दिसत होता, कारण उजेड पिवळा असला की मेंदू तो पिवळेपणा वजा करून टाकतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. फिल्म बिचारी कशाला वजा करेल, तिनं जेवढा पिवळा आला तेवढा घेतला. फेटा संत्र्यासारखा. लॅबवाल्यानं प्रिंटमध्ये थोडं सावरलं, तरी नवरीचे वडील अल्बम बघून म्हणाले, आम्ही फेटा पांढरा आणला होता हो. आणला होताच. निगेटिव्ह अजून कपाटात आहेत मामा, आलात की दाखवतो.