उतारावर न थांबणारे पाय

फिक्स्ड गिअर सायकलवर, म्हणजे चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहणाऱ्या सायकलवर, हिवाळ्यात सराव करतात तो केवळ पेडलिंग सफाईदार व्हावे म्हणून, असे एका लेखात वाचले. परंतु इंग्लंडमधील क्लबांच्या सायकलस्वारांनी ही पद्धत जपली, त्यामागे रस्त्यावरचे मीठ आणि चिखल हेही कारण होते, कारण डिरेलरच (गिअर बदलताना साखळी सरकवणारी यंत्रणा) नसल्याने गंजण्यासारखे फारसे उरत नाही. साखळीच्या पुढच्या चक्रीला ४२ आणि मागच्या चक्रीला १८ दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ४.९ मीटर जाते. म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या उतारावर पाय मिनिटाला १३६ फेऱ्या घेतात आणि ते थांबवता येत नाहीत. पायांना खरे वळण तिथेच लागते, असे मला मनापासून वाटते. मात्र पुढचा ब्रेक हवाच, आणि निघण्यापूर्वी साखळी बोटाने दाबून पाहावी: ती किंचित हलली पाहिजे, लोंबता कामा नये.