पानं कन्फर्म आहेत का?

"पानं कन्फर्म आहेत ना?" आतोबांनी परवा व्हिडिओ कॉलवर मला विचारलं. चष्मा कपाळावर, हातात वही. मी तोक्योत राहते, म्हणजे क्योतोची लाल पानं माझ्याच अखत्यारीत येतात अशी त्यांची समजूत आहे. आत्या आणि ते नोव्हेंबरात येणार. विमानाची तिकिटं मला न विचारता काढली, बाकीचं "तू बघ".

मोमिजीचा, म्हणजे मेपलच्या लाल पानांचा, बहर क्योतोत साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मला रजा मिळते २३ नोव्हेंबरच्या सुट्टीला जोडून. तीच सुट्टी उरलेल्या जपानलाही असते.

"तारीख सांग," आतोबांनी पेन उघडलं.

"झाडं आहेत हो ती. रात्री पारा आठ अंशांच्या खाली जायला लागला की रंग चढतो. हल्ली थंडीच उशिरा पडते. हवामानवाले अंदाज देतात, तोही मागेपुढे होतो."

"म्हणजे पानं वेटिंगवर."

आतोबा रेल्वेतून निवृत्त झालेत. मी हो म्हटलं, आणि तिथेच फसले.

"वेटिंग किती? निदान आरएसी तरी?"

मी अंदाजाचा नकाशा दाखवला. त्यांनी तो आरक्षणाच्या तक्त्यासारखा वरपासून खालपर्यंत वाचला आणि मोठ्यांदा म्हणत वहीत लिहिलं, "पिवळी कन्फर्म. लाल आरएसी." मग वर बघून, "आणि नाहीच झाली, तर रिफंड?"

मागून आत्या ओरडली, "अहो, आपल्या सोसायटीतला बदाम होतो की लाल! फुकट!"

होतो खरा. दर हिवाळ्यात भडक लाल होतो आणि वॉचमन शिव्या देत झाडतो. त्याच्यासाठी कोणी विमानाने आल्याचं ऐकलं नाही.

नवरा अशा कॉलच्या वेळी नेमका कचरा टाकायला खाली जातो. जपानात कचरा सकाळी टाकतात.

मी विषय क्योतोतल्या तोफुकुजी देवळाकडे नेला. तिथे म्हणे एका चित्रकार भिक्षूने शोगुनकडे, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याकडे, बक्षीस काय मागावं, तर देवळातली चेरीची झाडं तोडा. फुलं बघायला गर्दी झाली तर साधनेत व्यत्यय येईल. झाडं तोडली, मेपल राहिले, आणि आता मेपल बघायला एवढी लोटालोटी होते की ऐन हंगामात तिथल्या त्सूतेन्क्यो पुलावर फोटो काढायलाच बंदी असते.

"फोटो नाही? मग गेलो होतो याला पुरावा काय?"

हॉटेलांचं तर बोलूच नका. एरवीच्या तिप्पट भाव, आणि खोली एवढीशी की बॅग उघडायची तर एकाने पलंगावर चढायचं. म्हणून मी शेजारच्या ओत्सूला खोली घेतली. लोकलने दहा मिनिटं. "म्हणजे मुंबई सांगून कल्याणला उतरवणार," आतोबा म्हणाले. स्वतः जन्मभर कल्याणला राहिलेत.

शहरातल्या बसचा दिवसभराचा पास २०२४पासून बंद, कारण बस पर्यटकांनीच भरतात आणि क्योतोतल्या म्हाताऱ्या बाया पिशव्या घेऊन थांब्यावर ताटकळतात. त्यांचा राग मला पटतो. त्याच गर्दीत मी स्वतः माणसं नेऊन घालणार आहे, तीही पुरावा मागणारी. शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, आरक्षण बरोबर महिनाभर आधी सकाळी दहाला उघडतं. त्या वेळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसणार. यातलं काही आतोबांच्या वहीत नाही. वहीत माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे, मी स्क्रीनवर पाहिलं.

"तुला जमत नसेल तर स्पष्ट सांग," फोन ठेवताना ते म्हणाले. "इथल्या टूरवाल्याला विचारतो."

आज सकाळी घरच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "क्योतो दौऱ्याची संपूर्ण आखणी मी पूर्ण केली आहे." खाली अंगठ्यांची रांग. धाकट्या काकांनी विचारलंय, आम्ही चौघंही येऊ का? आतोबांनी लिहिलंय, "अवश्य. पानं आरएसी आहेत, पण होतील."

ओत्सूची खोली तिघांची आहे.